खोकल्याची उशी

मित्रांनो, मी शिरूर अनंतपाळची एक जुनी उशी हाय. केवळाबाईनं आपल्या हातानं येचलेला कापूस, पिंजाऱ्यानं पिंजलेला, अन् वरून तिच्याच फाटक्या लुगड्याची खोळ. वीस वर्षं पावण्यांच्या डोक्याखाली गेली. कुणाचं तेल, कुणाची लाळ. पर माझं नाव कुणी काढलं न्हाई.

नाव निघालं ते लातूरच्या दवाखान्यात. केवळाबाईचं हृदयाचं ऑपरेशन झालं. छातीचं हाड मधोमध कापून परत तारंनं बांधलं. नर्स म्हणली, "मावशी, खोकला आला की उशी छातीला गच्च धरायची. तीन महिने हातावर जोर न्हाई, वाकायचं न्हाई. हाड उकललं तर जिवावर बेतंल." मला दाबून बघितलं अन् म्हणली, "ही झकास हाय." लई फुगले मी.

घरी आल्यावर रातंदिस मी तिच्या कवेत. खोकला आला की अशी आवळायची, की तिच्या काळजाचा ठोका माझ्या कापसात वाजायचा.

मग सुरू झाले भेटाया येणारे. बिस्किटाचा पुडा एक अन् माणसं सात.

"आमचा शिवप्पा बी असाच व्हता. ऑपरेशन झालं, घरी आला, च्या पिला अन् गेला."

"दाखव की गं, कुठं फाडलंय ते!"

ती हसायची. हसल्यावर बी दुखायचं.

अठराव्या दिवशी औशाहून थोरला दीर रामलिंग आला. खुर्चीत बसला अन् पाय पुढं केले. ह्या घरात थोरला आला की सुनंनं पलंगावर बसायचं न्हाई. खाली उतरून, डोक्यावर पदर घेऊन पाया पडायचं.

नवरा व्यंकट म्हणला, "उतर. दादा आलेत."

लेक तनुजा आडवी आली. "मोठे काका, डॉक्टरनं वाकू नका म्हणलंय."

"पाया पडाया बी आता डॉक्टरची चिठ्ठी लागती व्हय?" रामलिंग हसला. "आमची आई बाळंतपणाच्या तिसऱ्या दिशी जात्यावर बसली व्हती. ह्या आताच्या बाया म्हंजी नुसत्या पापड!"

"तनू, सर बाजूला," व्यंकट गुरकावला. "दादापुढं माझी मान खाली घालता का?"

"सर गं माय," केवळाबाई म्हणली. "पटकन पडते अन् येते."

तनुजा सरली. पदर घ्याया दोन हात लागतेत. तिनं मला बाजूला ठिवलं, उतरली, वाकली, अन् तिथंच खोकला आला. मी पलंगावर, ती दोन हात खाली. मला पाय न्हाईत, मित्रांनो. कट्कन आवाज झाला. समद्यांनी ऐकला.

"अखंड सौभाग्यवती हो," रामलिंग म्हणला. आशीर्वाद बी नवऱ्याच्याच आयुष्याचा.

हाड उकललं, जखम चिघळली. परत लातूर. ह्या येळी मला कुणी नेलं न्हाई. नवव्या दिवशी तिला घरी आणलं ते चादरीत गुंडाळून. मळवट भरला. सवाष्ण गेली, नशीबवान बाई, म्हणून समदं गाव तिच्या पाया पडलं. रामलिंग बी वाकला. गुडघे दुखतेत म्हणून व्यंकटनं त्याला अल्लाद धरलं.

मेलेल्याचं अंथरूण घरात ठिवत न्हाईत. मी आता गावाबाहेर बाभळीखाली पडून हाय. कुत्र्यानं कोपरा फाडलाय, कापूस उडून राहिलाय.

मित्रांनो, आजाऱ्याला भेटाया जरूर जावा. पर आपला मान घरी खुंटीला टांगून जावा. माणूस निजलं असंल तर निजू द्या. खोकला आला तर उशी हातात द्या. अन् घरातलं कुणी 'उतर' म्हणलं, तर तनुजावाणी आडवे व्हा. सरू मात्र नका.