पुढचा नंबर तुमचाच

कात्र्याच्या बापाने त्याला धंद्यातल्या दोन गोष्टी शिकवल्या. एक, गिऱ्हाइकाशी बोलायचं ते आरशातून. समोरासमोर बोललं की माणूस उगाच सावध होतो. दोन, दारात कोणी डोकावलं की त्याने काही विचारायच्या आत म्हणायचं, "बसा, पुढचा नंबर तुमचाच." मग आत चौघे ताटकळत असले तरी चालतील. एकदा बूड बाकाला टेकलं की माणूस सहसा उठत नाही.

बाप स्वतः इतका सावकाश कापायचा की ते वाक्य त्याला दिवसभर पुरायचं. कात्री कानाशी न्यायची, थांबायचं, मागे सरून बघायचं, एक बट उडवायची, पुन्हा थांबायचं. "याची उजवी बाजू होईपर्यंत डावी पुन्हा वाढते," असं लोक म्हणायचे आणि तरी दुसरीकडे जायचे नाहीत. गल्लीतली निम्मी लग्नं त्या बाकावर ठरली आणि निम्मी तिथेच मोडली.

पोराने दोन्ही गोष्टी उचलल्या, सावकाशपणा तेवढा घेतला नाही. त्याचा हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ, म्हणून मित्रांनी नाव पाडलं कात्र्या. आता तोही म्हातारा झाला होता. कोपऱ्यावर काचेच्या दाराचं नवं सलून आलं होतं आणि तिथला पोरगा जांभई पुरी व्हायच्या आत मशीनने डोकं मोकळं करायचा. कात्र्याची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गेली. प्रत्येकाचा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का होता. हेडमास्तर दर वेळी "कंगवा धुतलास का?" विचारणार. शिंपी अंगावर कापड पडायच्या आत घोरणार. बँडवाला गाणार, आणि बेसूर गाणार. चेहरे पुसट झाले होते, पण माना? अंधारात हात लावला तरी त्याने कोणाची कुठली ते सांगितलं असतं.

बायको गेल्यावर सुट्टीच्या वारी घर खायला उठायचं. म्हणून तो दुकानात येऊन बसायचा. शटर अर्धं खाली, दुपारचं ऊन पायरीपर्यंत, आणि बापाच्या जुन्या खुर्चीशेजारी उभं राहून कात्र्यांना तेल द्यायचं. एका दुपारी तेल दिलेली कात्री त्याने सहज हवेत चालवून पाहिली. खुर्चीच्या हातावर पांढरे केस पडले.

त्याने आरशात बघितलं. खुर्चीत हेडमास्तर होते. मागे बाकावर शिंपी आणि बँडवाला. तिघेही केव्हाच वारलेले. कात्र्याने गर्रकन वळून पाहिलं तर बाक रिकामा, खुर्ची रिकामी. पुन्हा आरशात पाहिलं तर तिघे जागच्या जागी.

त्याची बोबडी वळली. तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, "कंगवा धुतलास का?"

आणि भीती कुठल्या कुठे पळाली. एवढा चिकटपणा काही भास करू शकत नाही.

"धुतलाय हो. तुम्ही गेलात, पण ही खोड काही गेली नाही."

"गेलो म्हणून काय कोंडा लावून घेऊ?"

तेव्हापासून सुट्टीच्या वाराची तो पोरासारखी वाट बघू लागला. जुने विनोद, जुनी भांडणं, बँडवाल्याची तीच बेसूर तान. संध्याकाळी केस झाडून सुपलीत घेतले की सुपली रिकामीच निघायची. तेवढंच काय ते वाईट वाटायचं.

मग एकदा बाकावर दूधवाला दिसला. 'हा कधी वारला? मला कोणी कळवलंसुद्धा नाही,' असं मनाशी म्हणत कात्र्याने त्याला खुर्चीत बोलावलं आणि झकास कापून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दारात हजर. धडधाकट, केसांचं टोपलं तसंच. कात्र्या स्वतःलाच हसला. संध्याकाळी बातमी आली की दूधवाला बोलता बोलता सायकलवरून पडला तो उठलाच नाही.

त्या रात्री कात्र्या जेवला नाही. बाकावर बसण्यात काही नव्हतं. जे होतं ते खुर्चीत. तिथे कटिंग पुरी झाली की जिवंत माणूसही पुरा.

आणि पुढच्याच सुट्टीला बाकाच्या टोकाला चष्मेवाला दिसला.

चष्मेवाल्याचं दुकान समोरच. शाळेत दोघे एका बाकावर बसायचे आणि एकाच्या चुकीला दुसऱ्याने मार खायचा. गल्लीत 'कात्र्या' म्हणून हाक मारणारा आता तेवढाच उरला होता. बाकीच्यांना तो 'काका' नाहीतर 'अहो आजोबा'.

कात्र्याने वाकून शटरखालून पाहिलं. समोर चष्मेवाला सुट्टी असूनही दुकान उघडून, सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसत बसला होता. आरशात पाहिलं. चष्मेवाला चष्म्याविना, डोळे बारीक करून बसला होता.

"कात्र्या, किती वेळ रे?" आरशातला म्हणाला.

"बस, पुढचा नंबर तुझाच."

सवयीने तोंडून निसटलं आणि त्याने जीभ चावली. खुर्चीत शिंपी होता. कात्र्याने त्याला दिवेलागणीपर्यंत कातरलं, आयुष्यात पहिल्यांदा बापासारखं.

दुसऱ्या दिवशी तो समोरच्या दुकानात शिरला.

"उठ, डॉक्टरकडे जायचंय."

"का? तुला काय झालं?"

"तुला दाखवायचंय."

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? कटिंग तेवढी वाढलीय. येतोच दुपारी."

"अजिबात नाही यायचं! वाढव. शोभतात तुला."

चष्मेवाल्याने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "असा बघितला की तू मला भुतासारखा दिसतोस."

"आणि चष्मा लावल्यावर?"

"लावल्यावर खात्री पटते."

डॉक्टरने तपासलं आणि म्हातारा ठणठणीत असल्याचं सांगितलं. कात्र्याला त्याने जरासुद्धा बरं वाटलं नाही. दूधवालाही ठणठणीतच होता.

पुढच्या सुट्टीला घरीच थांबावं, असं त्याने ठरवलं. पण आपण नसताना आरशातला चष्मेवाला आपणहून खुर्चीत जाऊन बसला तर? कात्र्या उन्हातून धावत दुकानात आला.

आज आरशात हेडमास्तर नव्हते, शिंपी नव्हता, बँडवाला नव्हता. बाकावर एकटा चष्मेवाला.

"झालं का? येऊ?"

"थांब, एकजण मध्ये आहे."

चष्मेवाल्याने डोळे किलकिले केले. "खुर्ची तर रिकामी दिसते."

"तुला चष्म्याशिवाय काय दिसतंय डोंबल!"

"एवढं दिसतं रे," म्हणत तो गुडघ्यांवर हात ठेवून उठू लागला.

दुसरा कोणी असता तर कात्र्याने विचार केला असता. इथे वेळच नव्हता. तो सरळ बापाच्या खुर्चीत बसला. "हा काय, मी आहे आधी."

"तू? आणि तुझे कापणार कोण?"

कात्र्या खुर्चीचे हात धरून बसून राहिला. उभी हयात त्याने दुसऱ्यांची डोकी सांभाळली. स्वतःच्या मानेवरचा भोवरा मात्र त्याला कधी दिसलासुद्धा नाही. तो बसवणारा एकच माणूस होता.

अंगावर कापड पडलं. मानेमागे गाठ बसली, सैलही नाही आणि घट्टही नाही. टाळूवर बोटं टेकली, गार, आणि वास तोच, कात्रीच्या तेलाचा.

"मान खाली."

कात्र्याने मान खाली घातली. डोळे भरून आले म्हणून, आणि आरशात बघायची हिंमत नव्हती म्हणूनही.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "घाई नाही हं."

"मी कधी केली होती?"

कात्री कानाशी आली. थांबली. बऱ्याच वेळाने एक बट मांडीवर पडली. या वेळी ती हाताला लागत होती, खरी, त्याची स्वतःची.

मागून चष्मेवाला कंटाळून म्हणाला, "अजून किती वेळ?"

"बसा," बाप वर न बघता म्हणाला, "पुढचा नंबर तुमचाच."

बाक करकरला. चष्मेवाला पुन्हा बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून खराखुरा चष्मेवाला रस्ता ओलांडून आला. कात्र्याभोवती एक चक्कर मारून खो खो हसला.

"कात्र्या, हे काय ध्यान! मागचा भोवरा झकास बसवलाय, पण पुढे सगळं रान तसंच! अर्धवट सोडून पळाला कोण?"

"पळाला नाही. जुना कारागीर आहे, जरा सावकाश कापतो. पुढच्या सुट्टीला येणारेय."

"तुझ्या बाबांसारखा?"

"अगदी तसाच."

"मग झालंच. तो पुढचे कापेपर्यंत मागचे पुन्हा वाढतील!"

कात्र्याने मानेमागे हात नेला. भोवऱ्यावर बारीक खुंट बोटांना टोचत होते. तो ते पुन्हा पुन्हा चाचपत राहिला.

"वाढू देत की," तो म्हणाला. "बस जरा, चहा मागवतो."

चष्मेवाला बाकावर टेकला, नेमका टोकाला.