टक्कर झाल्यानंतरचं वाक्य

"प्रेमाताई, 'टायर तापलेत' हे जरा एक्सायटेड येऊ द्या ना," काचेपलीकडून डबिंगचा दिग्दर्शक केतन म्हणाला.

"टायर तापण्यात एक्साइट होण्यासारखं काय आहे रे?" प्रेमा रेडकरने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वाक्य पुन्हा म्हटलं.

अंधेरीच्या त्या डबिंग स्टुडिओत मोटार शर्यतींच्या लीगवरचा एक व्हिडिओ गेम मराठीत होत होता. खेळणाऱ्याच्या कानात सूचना देणारी इंजिनिअर म्हणजे प्रेमा. मालिकांतल्या आया, जाहिरातींतल्या सासवा, सगळ्यांना तिने आयुष्यभर निमूट आवाज दिला होता. हा गेम मात्र तिच्या डोक्यात गेला. सकाळी केतनने तो कौतुकाने दाखवला होता. बूड खुर्चीत, हातात प्लास्टिकचं स्टिअरिंग, आणि थाट काय तर पावसाळी टायर वेगळे. या मेल्यांनी वाकोल्याच्या नाक्यावर एक रिक्षा वळवून दाखवावी, असं तिच्या मनात आलं.

"मागून गाडी येतेय. आत वळ. शाब्बास." शाब्बास तर तिने दारातलं मांजर हाकलावं तसं म्हटलं. केतनला तेही आवडलं.

पुढचं वाक्य टक्कर झाल्यानंतरचं होतं.

"ऐकू येतंय का? बोल काहीतरी."

तिचा नवरा श्यामसुंदर हॉस्पिटलच्या वॉर्डात पडला होता तेव्हा त्याच्या कानाशी वाकून तिने हेच विचारलं होतं. तो बोलला नव्हता. आताचा आवाज तिथूनच आला. तिने मुद्दाम आणला नव्हता.

रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसलेल्या तेजलने मान वर केली. केतन खाकरला.

"मस्तच, ताई. पण फार हेवी झालं. प्लेयरचा मूड जाईल."

"त्याची गाडी भिंतीवर आदळलीय ना?"

"हो, पण मरत नाही कोणी. लगेच परत ट्रॅकवर येते."

"मग विचारायचं कशाला?"

"फील यायला पाहिजे ना."

हेडफोन काढून ठेवावा आणि सरळ जिना उतरावा, असं प्रेमाला वाटलं. पण ती उभीच राहिली, आणि बिस्किटाच्या जाहिरातीतल्या आईच्या गळ्याने तिने ते वाक्य हसतखेळत म्हणून टाकलं.

"झकास," केतन म्हणाला. "हेच पाहिजे होतं."

किती सोपं गेलं ते. आता तिला केतनपेक्षा स्वतःचीच किळस आली.

केतन फोन घ्यायला बाहेर गेला, तेव्हा तेजलने हळूच विचारलं, "पहिला टेक ठेवू का, ताई? तुमच्यासाठी."

"नको गं. पुसून टाक."

काचेपलीकडच्या पडद्यावर त्या टेकची नागमोडी रेघ दिसत होती. 'ऐकू येतंय का' आणि 'बोल काहीतरी' यांच्या मध्ये ती बराच वेळ सपाट होती. तिथे प्रेमा उत्तरासाठी थांबली होती. तेजलने बटण दाबलं, रेघ गेली. प्रेमाने पुढचं पान उलटलं.