दोन ट्रॉल्या आणि एक श्वास

लालासाहेबांचा आवाज असा, की त्यांनी ओढ्याच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातली माणसं आपलंच काहीतरी चुकलं असं समजून हातातलं खुरपं खाली ठेवायची. त्याच आवाजात ते आपल्या लेकीला, अंकिताला, ट्रॅक्टर मागे घ्यायला शिकवत होते. मग ती शिकणार कशी, हे तुम्हीच सांगा.

उसाच्या दोन ट्रॉल्या पुढे ओढणं फारसं अवघड नसतं. मागे घेताना मात्र भल्याभल्यांना घाम फुटतो. एका ट्रॉलीला स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं आणि दुसरीला त्याच्याही उलट. घाबरून चाक जरा जास्त फिरवलं की दोन्ही ट्रॉल्या दुमडून बसतात. अंकिता एकटी असली की हे सगळं तिला झकास जमायचं. पण मागून “डावीकडं घे, आगं डावीकडं” अशी गर्जना आली, की छाती धडधडायची, हात आपोआप गरगर फिरायचे आणि ट्रॉल्या दुमडल्याच म्हणून समजा.

एरवी हे चाललंही असतं. पण यंदा लालासाहेबांचा रक्तदाब इतका चढला, की डॉक्टरांनी ट्रॅक्टर चालवायला साफ मनाई केली. गळीत हंगाम तोंडावर आलेला. कारखान्याला ऊस कोण नेणार? अंकिताचा चुलतभाऊ वीरधवल तर एका पायावर तयार होता. अंकिताने हट्ट धरला, की ट्रॅक्टर मीच चालवणार. घरात चार दिवस धुसफूस झाली आणि शेवटी लालासाहेबांनी तोडगा काढला. उंब्रजच्या अलीकडच्या त्यांच्या गावात जत्रेला ट्रॅक्टर मागे घेण्याची स्पर्धा भरते.

“जत्रंत दोन ट्रॉल्या न दुमडता मागं घिऊन दाव,” ते म्हणाले, “चावी तुझी. न्हाईतर वीरधवलची.”

अंकिताची झोप उडाली. तिची कॉलेजातली मैत्रीण अर्फा गावच्या आरोग्य केंद्रात समुपदेशक म्हणून कराडहून यायची. तिच्यापुढे अंकिताने सगळं ओकून टाकलं. अर्फाने तिला एक अगदी साधी गोष्ट शिकवली. जीव घाबरा झाला की हात पोटावर ठेवायचा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, पाय कुठे टेकलेत, कानावर काय पडतंय, एवढंच बघायचं. काही बदलायला जायचं नाही. बघून झालं की मगच हात हलवायचा.

अंकिताला आधी हसू आलं. मग दूध उतू गेल्यावर, काकूने टोमणा मारल्यावर, हायवेवर मागच्या ट्रकने उगाच हॉर्न वाजवल्यावर तिने ते करून बघितलं. राग येतच होता, पण आता तो तिला येताना दिसायचा, आणि दिसला की त्याचा अर्धा जोर जायचा. तिला या गोष्टीचं भलतंच वेड लागलं. डॉक्टरांनीही शांत राहायला सांगितलंय म्हणून ती वडिलांच्या मागे लागली, की तुम्हीही करा. लालासाहेबांनी उडवून लावलं.

“श्वास काय शिकायचा? जन्मल्यापासनं घेतोय की.”

जत्रेचा दिवस उजाडला. मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. चुन्याच्या फक्कीच्या दोन रेघा नागमोडी आखलेल्या, कडेने काठ्या रोवून त्यांना झेंडे लावलेले. नियम सोपा होता. मागे जाताना थांबलात तर चालेल, पण पुढे सरकलात किंवा काठी पाडलीत तर बाद. सगळ्यात कमी वेळ लागेल त्याला ढाल. दिशा दाखवायला एक माणूस ट्रॉलीमागे उभा करता यायचा. अंकिताच्या ट्रॉलीमागे कोण उभं राहणार, हे विचारायची कुणाची हिंमतच झाली नाही.

झेंडी पडली. मागची ट्रॉली पहिल्या वळणात अशी अलगद शिरली, की लाउडस्पीकरवाला सुद्धा खूश झाला. पोरींनी शिट्ट्या मारल्या. अंकिताच्या अंगावर काटा आला, आपल्याला जमतंय म्हणून. आणि दुसऱ्या वळणाला तो आवाज आला. डावीकडं. आगं उजवीकडं. आगं काय करतीस. चाक थोडं जास्त फिरलं. पुढची ट्रॉली तिरकी व्हायला लागली. मागची झेंड्याच्या काठीपासून हातभर उरली. आणखी एकदा चाक फिरवलं असतं तर खेळ संपला होता.

अंकिताने ब्रेक दाबला.

ट्रॅक्टर जागच्या जागी धडधडत उभा राहिला. गर्दी ओरडायला लागली. वेळ चाललाय, लाउडस्पीकरवाला बजावत होता. वीरधवल मोबाइलवर शूटिंग करत हसत होता. अंकिताने हात पोटावर ठेवला. सीटची थरथर जाणवली. डिझेलचा वास आला. तळवे ओले झाल्याचं कळलं. मग तिने मागे वळून पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला वडील नीट दिसले. तोंड लालबुंद, मान फुगलेली, डोळे काठीवर खिळलेले. ते रागावले नव्हतेच. ते तिच्याहून जास्त घाबरले होते.

“आबा,” ती ओरडून म्हणाली, “तुमी आधी श्वास घ्या. माझ्यासंगं.”

“आगं, टाइम चाललाय.”

“चालू द्या. हात पोटावर ठेवा.”

जवळची माणसं खो खो हसली. ज्यांच्यापुढे अख्खी भावकी मान खाली घालते, त्या माणसाला भर मैदानात पोरगी असं सांगत होती. लालासाहेबांनी गर्दीकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग लेकीकडे. आणि त्यांचा हात सावकाश वर आला, पोटावर टेकला. त्यांनी डोळे मिटले. श्वास आत गेला, बाहेर आला. आता फक्त इंजिन ऐकू येत होतं.

लालासाहेबांनी डोळे उघडले. नुसता हात दाखवला. जरासं इकडं. पुरे. येऊ दे. अंकिताने बोटभर चाक फिरवलं आणि थांबली, बोटभर फिरवलं आणि थांबली. ट्रॉली काठीला न शिवता सरळ झाली. तिसरं वळण तर लोणी कापल्यासारखं गेलं. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा मैदानात असा गलका उठला, की अंकिताला स्वतःचं ओरडणंही ऐकू आलं नाही.

ढाल दुसऱ्याच कुणाला मिळाली. इतका वेळ थांबल्यावर अंकिताचा नंबर येणार कुठून? पण ट्रॉल्या दुमडल्या नव्हत्या. वीरधवलने पुढे होऊन गुलाल लावला आणि घरी जाताना ट्रॅक्टर मी घेतो, असं आपलं सहज म्हणून बघितलं. लालासाहेब ट्रॅक्टरला वळसा घालून गेले, धोतर सावरत वर चढले आणि ड्रायव्हरच्या सीटशेजारी मडगार्डवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या जागेवर बसत होते.

“चल,” ते म्हणाले.

वेशीपाशी समोरून जीप आली. रस्ता अरुंद, अंकिताला थोडं मागे घेणं भाग होतं. लालासाहेबांचं तोंड उघडलं. मग त्यांनी ते मिटलं, आणि हात पोटावर ठेवला.