मी देवगावच्या विहिरीतली ट्यूब

मी एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो. मालट्रकच्या मागच्या चाकातली. अंगावर ठिगळं आहेत, नोझलची टोपी कधीच हरवली आहे. तरी आधीच सांगून ठेवते, मला भंगार म्हणायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. काळ्या रबराची लांब नळी काढली, तिची दोन टोकं जुळवली, साच्यात घालून तापवली, आणि मी झाले. माझं रबर हवेला सहजी निसटू देत नाही. त्या जोरावर मी सिल्लोडचा कापूस आणि मका वर्षानुवर्षं वाहिला. टायरच्या आत अंधार असतो. भार कळायचा, रस्ता कधी दिसला नाही. कौतुक ड्रायव्हरचं व्हायचं. पंक्चर झालं की शिव्या मात्र मला.

शेवटी मोठा खिळा घुसला आणि टायरवाल्यानं मला बाहेर फेकलं. तिथून नानासाहेबांनी मला उचललं, ठिगळ लावून घेतलं आणि देवगाव रंगारीला आपल्या मळ्यात आणलं. तिथं मी पहिल्यांदा आभाळ पाहिलं आणि त्याच्याखाली काठोकाठ भरलेली विहीर.

पोरांना पोहायला शिकवायची तिथं एक रीत होती. पोराच्या काखेत मला अडकवायचं, कमरेला दोर बांधायचा, वरून एकानं तो धरायचा आणि पोराला ढकलून द्यायचं. नानासाहेबांचा राजेंद्र माझ्यावरच शिकला. माझ्या नोझलचा ओरखडा त्याच्या बरगडीवर अजून आहे. त्याची थोरली बहीण रत्नमाला मात्र पायरीवर बसून भावाचे कपडे सांभाळायची. पोरींनी विहिरीत उतरायचं नाही, हीसुद्धा रीतच. मला राग यायचा. मी जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी मला खालून लावतं. वर मुलगा आहे की मुलगी, हे पाणी विचारत नाही. मग माणसांनी का विचारावं?

राजेंद्र मोठा झाला, त्यानं शहरात, औरंगपुऱ्यात दुकान टाकलं. मी मळ्यातल्या पडवीत खुंटीला लटकले. माझ्या पोटात पालीनं अंडी घातली.

यंदा नवरात्रात सगळे मळ्यावर जमले. दिवाळीच्या सुट्टीत ऋषिकेशला जायचं ठरत होतं. डोंगर, तंबूतला मुक्काम आणि गंगेतलं राफ्टिंग. राजेंद्र पडवीत फोन घेऊन बसला होता.

"राफ्टमध्ये मी आणि सत्यम," तो म्हणाला. सत्यम त्याचा मुलगा. "तुम्ही बायका गाडीनं खाली या. आमचे कपडे घेऊन काठावर थांबा."

त्याची मुलगी तनुजा बारावी सायन्सला. शेंगा फोडता फोडता ती थांबली. "आम्ही काठावर का?"

"तुम्हाला पोहता येत नाय."

"शिकवलंच नाय, तर येणार कसं? पप्पा, मी त्या राफ्टवाल्यांना फोन केला होता. जॅकेट, हेल्मेट सगळ्यांनाच घालायला देतात. पोहता आलं नाही तरी चालतं म्हणाले. फक्त सांगितलेलं ऐकता आलं पाहिजे."

"मग तर तुझं जमणारच नाय," सत्यम म्हणाला. सगळे हसले.

राजेंद्र हसला नाही. "पोहता आल्याशिवाय माझ्या घरातलं माणूस नदीत उतरणार नाय. दसऱ्याला ही विहीर आडवी पार करून दाखव. लगेच तुझं नाव घालतो."

विषय मिटवायलाच तो असं बोलला. पण मी खुंटीवर आहे, हे तो विसरला होता.

रत्नमाला विसरली नव्हती. तिनं मला खाली काढलं, झटकलं, नोझलवर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली.

"आत्या, ही टिकंल का?" तनुजानं विचारलं.

"न टिकायला काय झालं? माझ्याइतकी काय बसून नाय राहिली ती."

हवा भरल्यावर एका ठिगळातून बुडबुडे आले. तिथं नवं ठिगळ बसलं. आणि कमरेला दोर बांधून तनुजा माझ्यासकट पाण्यात उतरली. आवाज ऐकून नानासाहेब काठी टेकत आले. "रत्ने, हे काय चाललंय?"

"जे तवाच व्हायला पायजे होतं ते, नाना," दोर न सोडता रत्नमाला म्हणाली. "आलाच हायेत, तर हा टॉवेल धरा."

नानासाहेब टॉवेल घेऊन पायरीवर बसले.

तनुजानं खूप पाणी गिळलं. मला तर असं कवटाळलं की नवं ठिगळ उपटतंय की काय, असं वाटलं. पण रोज तिची पकड थोडी सैल होत गेली. मग ती पाठीवर पडून, पाय पुढं करून तरंगायला शिकली.

"झोपली का गं?" सत्यमनं वरून चिडवलं.

"राफ्टवाल्यांनी सांगितलंय, वाहत्या पाण्यात पडलं की असंच वाहायचं असतं. दगड आला तर पायांनी ढकलायचा. तू अंग गोळा करून मुटका मारशील अन् डोकं फोडून घेशील."

दसऱ्याला ती माझ्याशिवाय उतरली. मी काठावर होते. विहिरीच्या मध्यावर तिला ठसका लागला. हात थांबले, हनुवटी बुडाली. राजेंद्रनं मला झटकन उचललं.

"टाकू नका!" ती ओरडली.

ती पाठीवर वळली, श्वास घेतला, पुन्हा पालथी झाली आणि समोरच्या दगडाला हात लावला. मित्रांनो, मी कितीतरी पोरं तारली. पण त्या दिवशी माझी गरज पडली नाही, याचा मला झाला तेवढा आनंद कधीच झाला नव्हता.

राजेंद्रनं मला खाली ठेवलं आणि फोन काढला. "घालतो नाव."

"थांब," मागून रत्नमाला म्हणाली. तिनं कासोटा घातला होता. मला काखेत अडकवून ती पायऱ्या उतरत होती. "माझंबी घाल. दिवाळीला अजून वेळ हाय."

"ताई, तूबी? अन् कपडे कोण सांभाळणार?"

नानासाहेबांनी टॉवेल वर केला. "हाय की मी. काठावर बसायला जमतंय मला."

तर मित्रांनो, मला जपा. उन्हात टाकू नका, उन्हानं रबर तडकतं. तेल लागू देऊ नका. पण जपायचं म्हणून खुंटीलाही टांगू नका. तिथं मी जेवढी झिजले, तेवढी पाण्यात कधीच झिजले नाही. आणि तुमच्या विहिरीच्या पायरीवर कुणी दुसऱ्याचे कपडे सांभाळत बसली असेल, तर माझ्यात हवा भरा आणि तिला हाक मारा. तिचं वजन मला पेलतं.