नऊवर थांबलेला दिवा

माझ्या वडिलांनी, मार्तंडरावांनी, सगळी नोकरी कोकणातल्या एका दीपगृहात काढली आणि म्हातारपण नागपुरात, सक्करदऱ्याला. समुद्र इथून आठशे किलोमीटर. तरी दिवेलागणीला ते खुर्चीत बसून हवेतच हँडल फिरवत आणि मोजत, एक ते बारा. बाराला दिव्याचा एक फेरा पुरा. घरात सगळे हसायचे, मीही.

फेब्रुवारीत ते गेले. मोजणी काही गेली नाही. रोज संध्याकाळी त्यांच्या बंद खोलीतून आवाज येऊ लागला: सात, आठ, नऊ. मग काहीच नाही. मी कचेरीत फायली उपसणारी बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण अंगावर काटा यायचा, आणि आवाजाला उशीर झाला तर घास उतरायचा नाही, हेही खरं.

गेल्या महिन्यात त्या दीपगृहाचा इतिहास छापणाऱ्यांचं पत्र आलं. सोबत बाबांवरचा मजकूर, घरच्यांच्या सहीसाठी. १९८४ साली यंत्र बिघडलं तेव्हा मार्तंडरावांनी रात्रभर हाताने दिवा फिरवला. त्याच रात्री धाकू नाखव्याने दारूच्या नशेत होडी खडकावर घातली आणि तो बुडाला.

साफ खोटं. जायच्या आधी बाबांनीच मला सांगितलं होतं.

"मले डुलकी लागली वं, उत्तरा. नऊ मोजले अन् हात थांबला. फिरता दिवा उभा राहिला. धाकूले वाटलं, धक्क्यावरचा न फिरणारा दिवा हाय, अन् होडी खडकावर आली. दारूले तो शिवतही नव्हता."

"मग चौकशीत?"

"दिव्याची नोंदवही मी आधीच सकाळपर्यंत भरून ठेवली होती. दिवा फिरता, ठीक. यंत्र बिघडलं की सगळेच भरत, रातभर फिरवल्यावर हातात पेन धरवत नाही. साहेबानं वही पाहिली, अन् ठपका धाकूवर आला. मी गेल्यावर सांगून देजो."

"मी काहून? तुम्हीच सांगा," मी चिडले होते. ते भिंतीकडे वळले.

तीन दिवस मी सही टाळली. गेलेल्या बापाची अब्रू कोणती लेक वेशीवर टांगेल? चौथ्या दिवशी कागद पुन्हा वाचला. धाकूच्या घरच्यांच्या सहीला त्यात जागाच नव्हती. मला बाबांचा राग आला, माझाही आला. सगळं खरं लिहिलं आणि धरमपेठेतून टपालात टाकून आले.

त्या संध्याकाळी खोलीबाहेर बसले. सात, आठ, नऊ. बराच वेळ गेला. मग दहा. अकरा. बारा.

तेव्हापासून खोली गप्प आहे. लिहिल्याचा पश्चात्ताप नाही. पण नऊपर्यंत तरी बाबा घरात होते.