जाळी बसवायच्या आदल्या दिवशी

"ठेव ती तेलाची बाटली खाली! उद्या जाळी बसवायचीय ना तुला?" सासूबाई पालथ्या पडल्या पडल्याच ओरडल्या.

कमाल आहे! इतकी वर्षं ह्याच बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईंना माझ्या पाठीची किळस येते हो." किळस कसली डोंबलाची! मी उपग्रहावरच्या यंत्राच्या जाळ्या ताणते, केसाहून बारीक तारांच्या. वर, जिथे हवा संपत आलेली असते, तिथले विजेचा भार असलेले कण, म्हणजे आयन, त्या जाळीतून आत शिरतात आणि मोजले जातात. जाळीवर तेलाची नुसती वाफ बसली तरी मोजणी चुकते. म्हणून मला तेल नाही, क्रीम नाही, पावडर नाही. औषधी तेलाचा वास तर कितीही धुवा, दोन दिवस कातडीतून जात नाही. प्रयोगशाळेच्या दारातूनच परत पाठवतात. त्यामुळे पाठ चोळायचं काम नवऱ्याचं. तो नेमका परगावी, आणि सासूबाईंच्या पाठीत सकाळपासून उसण भरलेली.

"शेजारच्या काकूंना बोलावू?"

"त्यांच्यासमोर उघडी पाठ घेऊन पडू का मी? गोळी घेतलीय. जा तू."

गोळीने काही होत नव्हतं. मला ऐकू जाऊ नये म्हणून त्या उशी दातांत धरून कण्हत होत्या. मी दारात उभी. जीव नुसता नकोसा झाला. या जाळीपायी चार वर्षं घासली होती मी, आणि पुढच्या वर्षी निवृत्ती. ही शेवटचीच.

साहेबांना फोन लावला. "उद्या जाळी माझ्या जोडीदारणीला बसवू द्या."

"का हो? बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय! हाताला तेल लागणार आहे."

"बाई, उद्या जाळी बसली की यंत्र कायमचं सीलबंद होणार. पुढे नाही ढकलता येणार."

"माहीत आहे, साहेब."

बाटली तळहातावर उपडी केली. त्या पाठीला पहिल्यांदाच हात लावत होते. किती हाडकुळी झाली होती! नवरा कधी बोलला नव्हता.

"मूर्ख आहेस," सासूबाई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या.

"बरं."

"जरा खाली. अजून खाली. हं."

खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटत होतं मला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. हळूहळू त्यांचं कण्हणं थांबलं. झोप लागली त्यांना. मी तशीच बसून राहिले, कोपरापर्यंत तेलकट. हात धुवायची आता काही घाई नव्हती.