मोठी सर आली

तुम्ही न वाचता खोडलंत. पुण्यात पंख्याखाली बसून ठकुबाईच्या वहीतली एक ओळ धरलीत, आख्खी नोंद बाद केलीत, आणि वर हलगर्जीचा ठपका तिच्यावरच ठेवलात.

पासलीच्या माळावर सोळा पेट्या आहेत. चांदण्यांच्याही पलीकडून कण येतात, वरच्या हवेवर आदळून फुटतात आणि त्यांचा सडा खाली पडतो. कण पेटीतून गेला की खोपीतल्या फळीवर त्या पेटीचा दिवा लागतो. कुठली पेटी आधी लागली, कुठली मागून, यावरून कण कुठून आले ते हुडकायचं. पेट्या बसवणाऱ्या प्रेरणा मॅडमनी हे राखणदार ठकुबाईला तिच्या चुलीपाशी बसून समजावलं होतं. "एकदम खूप कण आले, की त्याला आपण सर म्हणू." ठकुबाईनं शब्द गाठीला बांधला. पुढं मॅडम काम सोडून गेल्या, शब्द राहिला.

नऊ मेला, सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी, सोळाच्या सोळा दिवे लागले. चार वर्षांत पहिल्यांदाच! ठकुबाईनं वेळ टाकून लिहिलं, 'मोठी सर आली.' पानाचा फोटो रोजच्यासारखा संध्याकाळी पुण्याला गेला.

पंधरा दिवसांनी तुमचे साहेब जीपनं आले, ते खोपीची किल्ली काढून घ्यायला.

"पाऊस पडला, पेट्यांत पाणी गेलं, म्हणून दिवे लागले. झाकणं नीट लावली नव्हती तुम्ही."

"कंचा पाऊस?"

"तुम्हीच लिहिलंय. सर आली."

"आवं सायेब, ती कणांची सर!"

"मला शिकवू नका, बाई. ऑफिसात तर आधी वाटलं, कुणी सर येऊन गेले."

"मग 'आले' लिवलं असतं. सरांचा मान ठिवतो आमी."

ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. साहेब नाही हसले. "किल्ली द्या. उद्यापासून दुसरा माणूस येईल."

"म्हंजी माजं काम बी गेलं, आन सर बी खोटी?" ठकुबाईनं वही त्यांच्या नाकासमोर धरली. "खालची वळ वाचा की."

खाली लिहिलं होतं, 'आज समद्यांनी राब भाजले.'

साहेबांना कळेना. ठकुबाई तरातरा शेजारच्या वावरात गेली. भाताच्या रोपासाठी वाळला पाला, शेणी पसरून जाळलेल्या राबाची काळी राख तिथं तशीच पडली होती. भुसभुशीत. कोरडीठाक. तिनं मूठभर आणली आणि जीपच्या बॉनेटवर ओतली.

"व्हता पाऊस, तर ही कशी ऱ्हायली?"

साहेबांनी काच वर केली.

"किल्ली हितं हाय, माज्या कमरेला," ती काचेवर बोट आपटत म्हणाली. "आधी पाऊस पडला आसं सई करून लिवून द्या, मग न्या."

जीप किल्लीशिवाय गेली. वहीत त्या दोन ओळींखाली ठकुबाईनं तुमच्यासाठी जागा सोडलीय. ती अजून कोरी आहे. भर पावसात राब कसा भाजतात, ते तिथं लिहा, आणि खाली सही करा. कधी करताय?